बाटलीवरचं इंग्रजी

त्या वेळी डॉक्टरकडे औषध मिळायचं, बाटली मिळायची नाही. बाटली ज्याने त्याने घरून आणायची. कुणी एरंडेलाची आणी, कुणी गुलाबपाण्याची, कुणी केसांच्या तेलाची, आणि ज्याच्या घरात एकही रिकामी नसे तो शेजारी मागून आणी. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तिथे या बाटल्या धुवायचं काम माझ्याकडे होतं. शिवाय फडकी उकळायची, जखमा पुसून पट्ट्या बांधायच्या, दुपारी बाकं पुसायची.

मी वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या एका गावची. मराठी तिसरीपर्यंत शाळेत गेले. पुढे लावणीच्या दिवसांत घरात माणूस कमी पडलं आणि पाटी खुंटीला लागली ती लागलीच. लग्न झालं, ते टिकलं नाही. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं, आणि माहेरच्यांनी बहिणीच्या बाळंतपणाचं निमित्त काढून मला मुंबईच्या बोटीत बसवलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. बाळंतपण झालं, बारसं झालं, तरी मला परत बोलावणारं पत्र येईना. बहीण कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणून मला घास गिळायला जास्त जड जाई. अशात डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतलं. दाराशी उभी केली, नखं बघितली आणि म्हणाल्या, "हात स्वच्छ आहेत तुझे." एवढ्यावर नोकरी लागली. हे लिहिताना त्या हयात नाहीत, पण उकळत्या फडक्यांचा वास कुठे आला की मी अजून मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते.

औषधं करायचे ते कंपाउंडर. मी त्यांना काका म्हणे. मरोळच्या बाजूच्या गावठाणातले ख्रिस्ती, साठी उलटलेले, दम्याचे. घरी बोलायचे ते मराठीच, आमच्यापेक्षा जरा वेगळ्या हेलाची. बाटल्यांशी मात्र इंग्रजी बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नियम सांगितला. बाटली कुणाचीही असो, चर्चमधल्या फादरची असली तरी, आधी सोड्याच्या गरम पाण्याने धुवायची, मग दोनदा साध्या पाण्याने, मग उलटी घालून निथळायची, आणि भरण्याआधी नाकाला लावायची. बुचाचंही तेच. असं का, ते मी एकदा विचारलं. त्यांनी पंप मारत असलेला स्टोव्ह तसाच ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "विचारू नको." तेव्हा मला कळलं की कधीतरी, कुठल्यातरी दवाखान्यात काहीतरी झालेलं आहे. ते काय, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

दारूबंदीचे दिवस होते. पिशवीतून बाटलीचं तोंड दिसलं की हवालदार थांबवी, बूच काढून हुंगे. कोरी काच असली तर चार प्रश्न जास्त विचारी. म्हणून लोक बाटलीवरचा छापील कागद निघू देत नसत. तेल संपलं, मध भरला, मध संपला, रॉकेल भरलं, तरी वरची लांब केसांची बाई हसतच असे.

माझ्या सोड्याच्या पाण्यात यातले काही कागद सुटून तरंगत. टाकवत नसत. मी ते मोरीच्या भिंतीला ओले ओले चिकटवून ठेवी. काकांनी ते बघितले आणि मला वाचता येतं का विचारलं. म्हटलं, मराठी येतं. त्या दिवसापासून रोज दुपारी, दवाखाना मिटला की एक कागद. आधी अक्षरं, मग शब्द, मग अर्थ. आणि अर्थ सांगून झाला तरी काकांचं पुरं होत नसे. मुंबईत नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न काय असतो? गाव कुठलं. काका शब्दालाही तेच विचारत. त्यांच्याकडे एक जाडजूड शब्दकोश होता, मेणकापडात गुंडाळलेला, पुठ्ठा केव्हाच गेलेला. कुण्या साहेब डॉक्टरने विलायतेला परत जाताना दिलेला. त्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी बारीक अक्षरांत तो कुठून आला ते छापलेलं होतं. काका चष्मा कपाळावर चढवत, पान नाकाशी नेत, वाचत, आणि मग मला मराठीत सांगत.

लेबल म्हणजे मूळची फीत, कापडाची लोंबती पट्टी. मी तेव्हा डोसाच्या पट्ट्या कापत बसले होते. कागदाची लांब पट्टी दुमडून कडेला खाचा पाडायच्या आणि ती बाटलीला उभी चिकटवायची, म्हणजे एका वेळी किती घ्यायचं ते निरक्षरालाही दिसतं. काका म्हणाले, तू कापतेस तेच खरं लेबल. कॅम्फर हा आपला कापूर निघाला, अरबांच्या हातून तिकडे गेलेला. अल्कोहोल म्हणजे त्याच अरबांचा डोळ्यांत घालायचा सुरमा. हे सांगताना काकांना इतकं हसू आलं की उबळ लागली. म्हणाले, पुढच्या वेळी हवालदाराने पकडलं तर सांग, सुरमा आहे. मलेरिया म्हणजे वाईट हवा. व्हॅक्सिनच्या पोटात गाय. नॉशिया म्हणजे मळमळ, आणि तिच्या मुळाशी ग्रीक लोकांचं जहाज. हा शब्द मला एकदाच सांगावा लागला. मी वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत बोटीच्या कठड्यावर वाकलेलीच होते.

हे सगळं मी एका वहीत मराठी अक्षरांत लिहून ठेवी. आपण एवढ्या लांब येऊन पडलो, पण हे शब्दही कुठून कुठून येऊनच पडलेत, असं वाटून जरा बरं वाटे. मात्र काही कागद लाल होते. त्यांची पाळी आली की मला नको वाटे. डेंजर. काकांनी शब्दकोशातून वाचून सांगितलं, याचा जुना अर्थ मालकाची सत्ता, आपण ज्याच्या मुठीत आहोत त्याची ताकद. तो अर्थ मी वहीत लिहिला नाही. तो मला येतच होता. मग पॉयझन. हा शब्द मूळचा नुसता पेय. पिण्याची वस्तू, घोट. औषधाचा घोट आणि विषाचा घोट, दोघांना सुरुवातीला एकच नाव होतं. आणि डोस म्हणजे दिलेलं. काका म्हणाले, आपलं दान बघ, त्याच घराण्यातला. चांगलं की वाईट ते शब्द सांगत नाही, फक्त दिलं एवढंच सांगतो.

त्या संध्याकाळी बहिणीने वाढलेली आमटी मी तोंडाला लावण्याआधी दोनदा हुंगली. ती म्हणाली, "मीठ कमी पडला काय गो?" मी काही नाही म्हटलं आणि जेवले.

सहा-सात महिन्यांत मी लहान लहान लेबलं कुणाला न विचारता वाचू लागले. काका कौतुकाने डॉक्टरांना सांगत, ही बघा, बाटल्या धुता धुता मॅट्रिक होणार. मला ते ऐकायला आवडे. खोटं कशाला सांगू, धुताना आता मी आधी कागद वाची आणि मग पाण्याकडे वळे. आपल्याला बाटल्या ओळखता येतात असं मला वाटायला लागलं होतं.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे त्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास वर्सोव्याची एक कोळीण, तिची सून आणि अकरा महिन्यांचा नातू असे तिघं आले. कोळीण स्टेशनजवळच्या बाजारात मासे विकायला बसायची, आमच्या ओळखीची होती. पोराला तीन दिवस शौचाला झालं नव्हतं, पोट ढोलासारखं, रडून रडून डोळे सुजलेले. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि वाऱ्याचं मिक्स्चर लिहून दिलं. सोडा, बडीशेपेचा अर्क आणि पेपरमिंटचं पाणी. ते आम्ही मोठ्या बरणीत करूनच ठेवत असू. बरणीतून बाटलीत ओतायची मला परवानगी होती, तेवढीच. पण त्यांच्याकडे बाटली नव्हती. कोळणीचा मुलगा, म्हणजे पोराचा बाप, घोडबंदर रोडवर एका मोटारीच्या गॅरेजात कामाला होता. म्हातारी म्हणाली, पाटी विकून झाली की त्याच्याकडून बाटली घेते आणि औषध न्यायला येते. सून पोराला घेऊन बसने घरी गेली.

दहाला डॉक्टर जोगेश्वरीला बाळंतपणासाठी गेल्या. अकराला चर्चची घंटा वाजायला लागली, एक टोला, मग बराच वेळ काही नाही, मग एक टोला. काकांच्या गावठाणातलं कुणीतरी गेलं होतं. काकांनी काळा कोट चढवला. तासाभरात येतो म्हणाले, बरणीतलं कुणाला लागलं तर दे, बाकीच्यांना बसव. मी एकटी राहिले. घंटा वाजतच होती.

साडेअकराला कोळीण आली. पाटी रिकामी, घामाघूम, आणि हातात बाटली.

"बेगीन कर गो बाय, माजी बस जाईल."

मी बाटली घेतली. स्वच्छ काच, वर निळ्या अक्षरांतला कागद, कुठे फाटला नव्हता. मी तो वाचला. एकेक अक्षर जोडत, पण मोठ्याने, आणि कुणाची मदत न घेता: डिस्टिल्ड वॉटर. आठवड्यापूर्वीच काकांनी हा शब्द सांगितला होता. थेंब थेंब गळणं, त्यावरून आलेला. पाण्याची वाफ करायची, वाफ थंड करायची, थेंब थेंब धरायचा. इंजेक्शनात घालतात ते हेच. यापेक्षा स्वच्छ पाणी नाही. मी हे कोळणीलाही सांगितलं. ती बघतच राहिली.

"वाचता येतंय काय गो तुला? बरा झाला."

बाटलीच्या तळाशी थोडा ओलावा होता. मला वाटलं, ते गाळलेलं पाणीच उरलंय. ही बाटली आपल्या नळाखाली धरली तर उलट घाण होईल. हे मी अगदी असंच मनात म्हटलं, मला पुरतं आठवतं. सहा महिन्यांपूर्वी, जेव्हा मला त्या कागदावरचं एक अक्षर येत नव्हतं, तेव्हा मी ती बाटली तीन पाण्यांनी धुतली असती.

बूच काळं पडलेलं होतं, कडेने भुगा होत होता. गॅरेजचं वंगण असणार म्हणून ते मी टेबलावर टाकलं आणि नवं लावायला घेतलं. बरणी कलती केली. मिक्स्चर बाटलीत पडलं तसं फसफसलं, फेस गळ्यापर्यंत चढला. मी थांबले. फेस बसला. सोडा आज ताजा दिसतोय, असं वाटलं. उरलेलं भरलं, डोसाची पट्टी चिकटवली, दोन दोन चमचे तीनदा म्हणून सांगितलं. कोळणीने बाटली पाटीत ठेवली, वर फडकं टाकलं आणि बसकडे पळाली.

काका पाऊणला आले. कोट खुंटीला लावला, हात धुतले, टेबलाशी आले आणि ते बूच त्यांना दिसलं.

त्यांनी ते उचललं. बोटांत चुरडलं. मग बोट नळाखाली धरलं, बराच वेळ धरलं. हे बूच कुणाचं, विचारलं. मी सांगितलं, कोळणीच्या बाटलीचं, डिस्टिल्ड वॉटरची होती, मी वाचलं. काकांनी उरलेलं बूच बशीत ठेवलं, त्यावर चिमूटभर सोडा टाकला.

बूच फसफसायला लागलं.

तो आवाज फार लहान होता. बाहेरच्या बाकावर कुणी कूस बदललं असतं तरी त्यात बुडाला असता. काकांनी विचारलं, "बाटली धुतलीस?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

ते खुर्चीवर बसले. हळू आवाजात सांगू लागले, जसा एखादा शब्द सांगावा तसं. गॅरेजात हे पाणी मोटारीच्या बॅटरीत घालतात. आणि बॅटरीत आणखी एक वस्तू घालतात, तीही दिसायला पाण्यासारखी, वास नाही, रंग नाही. ती आणायला रिकामी बाटली हाताशी असेल तीच घेतात. ॲसिड. कापडाला लागलं तर भोक, बुचाला लागलं तर कोळसा.

"आणि पोटात?" मी विचारलं.

ते उठले. ॲसिडवर उतारा म्हणून पिशवीत चुन्याच्या निवळीची बाटली टाकली, मॅग्नेशियाची टाकली. मी सोड्याचा डबा पुढे केला तर म्हणाले, तो नको, पोट फुगेल. दवाखान्याला कुलूप लावलं. बाकावर दोन माणसं बसलेली होती, त्यांना संध्याकाळी या म्हटलं. माझ्या देखत दवाखाना वेळेआधी बंद झाला तो पहिल्यांदाच.

बस गेलेली होती. स्टेशनसमोर टांगा मिळाला. वर्सोव्याच्या रस्त्याला तेव्हा घरं थोडी आणि शेतं फार, मग खाजण, मग दोन्हीकडे तिवरं. ओहोटी होती. चिखलाला वास येत होता. काकांचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा येत होता आणि त्यातून ते मला एकेक प्रश्न विचारत होते. फेस किती वेळ आला? कुठपर्यंत चढला? आधी किती ओतल्यावर थांबलीस? पुढचं ओतलं तेव्हा पुन्हा आला का? मी सांगत होते. पुन्हा नाही आला. बहुतेक नाही. खात्रीने नाही सांगता येणार, काका. ते बोटं मोडून काहीतरी मोजत होते.

म्हणाले, सोड्याने ॲसिड मरतं. फेस आला याचा अर्थ बाटलीतच दोघांची जुंपली. तळाशी थोडंच असेल तर मेलं असेल.

"जास्त असेल तर?"

त्यांनी घोड्याच्या पाठीकडे बघितलं. मग म्हणाले की तिथे गेल्यावर मी काही बोलायचं नाही. बाटली बदलून द्यायला आलोत, एवढंच ते सांगतील. आणि पुढेमागे कुणी विचारलंच तर ॲक्सिडेंट झाला म्हणायचं. या माणसाने मला कधी खोटं शिकवलं नव्हतं. ते मला वाचवायला बघत होते, हे मला कळत होतं. डॉक्टरांचा दवाखाना, माझी नोकरी, बहिणीच्या घरातला माझा कोपरा, सगळं त्या एका शब्दामागे लपवायला निघाले होते. पण तो शब्दही त्यांनीच मला शिकवला होता. ॲक्सिडेंट म्हणजे वरून येऊन पडलेलं. काही पडलं नव्हतं. बरणी मी माझ्या हातांनी कलती केली होती.

कोळीवाड्यात दुपारची सामसूम होती. पुरुष समुद्रावर. मांडवांवर बोंबील वाळत होते आणि खाली कावळे जमिनीवर बसून होते, उडत नव्हते. ज्या घरातून रडणं ऐकू यायला हवं होतं ते घर गप्प होतं. सकाळी दवाखान्यात येताना तेच पोर रस्त्यापासून ऐकू येत होतं. माझे पाय उंबऱ्याशी थांबले. काका आत गेले.

पोर झोळीत होतं. झोपलेलं. सून खाली बसून झोळीची दोरी ओढत होती. कोळीण पाणी पीत होती, कामं उरकून नुकतीच टेकली असावी. आम्हाला बघून तिने तांब्या खाली ठेवला. काकांनी औषध दिलं का विचारलं. दिलं, सून म्हणाली, दोन चमचे, तास होऊन गेला. थुंकलं नाही, सगळं घेतलं. मग निजला.

काकांनी बाटली मागून घेतली. एक थेंब तळहातावर घेतला आणि जिभेला लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते थुंकले आणि त्यांनी परत एक थेंब घेतला.

"खारट," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. आंबट नव्हतं म्हणाले. मग झोळीवर वाकून पोराचे ओठ बघितले, खालचा ओठ अंगठ्याने हळूच ओढून आतून बघितला. ओठ ठीक होते. माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "आतलं आत्ता नाही कळायचं. उठून दूध गिळलं की समजेल घसा धड आहे."

मग आम्ही बसलो. बाटली काकांनी भिंतीकडे सरकवली होती. सून दोरी ओढत होती, झोळीची कडी कुरकुरत होती. पोराची छाती वरखाली होतेय का ते मी मोजत होते, आणि झोळीच्या हलण्यात ते नीट दिसत नव्हतं. पाटीवरचं फडकं दाराशी वाळत घातलं होतं. त्याला एक भोक दिसलं. ते जुनंच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. भोकाची कड तपकिरी होती.

कोळीण मुकाट बसणारी बाई नव्हे. तिने एकदा काकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"दवाखाना बंद करून दोगा जना बाटली बदलाया आलाव?"

काकांनी तोंड उघडलं आणि त्यांना खोकला आला. खोकत राहिले. त्यांचा खोकला थांबण्याआधी मी सांगून टाकलं. काय होतं बाटलीत, मी काय वाचलं, काय धुतलं नाही. वाक्यं नीट जुळली नाहीत. सुनेने दोरी सोडली.

कोळीण ओरडली नाही. बाजारात भावावरून गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या काढणारी बाई, ती अगदी सावकाश बोलली. "पन तू वाचलंस ना गो? माज्या पुढ्यात वाचलंस."

मी हो म्हटलं.

ती उठली, झोळीत दोन्ही हात घातले आणि झोपलेलं पोर उचललं. काका थांब म्हणायला गेले, तिने ऐकलं नाही. पोर दचकून जागं झालं आणि त्याने तोंड उघडलं. आवाज यायला एक क्षण लागला. तेवढ्या वेळात मी किती देव आठवले ते देवालाच ठाऊक. मग ते रडलं, खणखणीत, सकाळच्यासारखं. काकांनी डोळे मिटले. सुनेने त्याला पदराखाली घेतलं. ते एकदा तोंड फिरवून रडलं, दुसऱ्यांदा फिरवलं, आणि मग लागलं. घरात कुणी हलत नव्हतं. आम्ही चौघंही घोट ऐकत होतो. एक. मग दुसरा. मग सलग.

पोर पोटभर प्यायलं आणि आईच्या मांडीवरच त्याला शौचाला झालं. तीन दिवसांचं झालं. काका हसले, त्यांना राहवलं नाही. म्हणाले, सोडा आणि ॲसिड एकमेकांना मारून जे उरतं ते जुलाबाचं मीठ, मोठ्या दवाखान्यात देतात. पण बाकी कुणी हसलं नाही. आम्ही उन्हं कलेपर्यंत बसलो. पोर आणखी एकदा प्यायलं, मुठीत झोळीची दोरी धरून खेळलं. काकांनी निवळी आणि मॅग्नेशिया परत पिशवीत टाकलं. निघताना कोळणीने बाटली काकांच्या हातात दिली. माझ्याकडे ती बघत नव्हती.

डॉक्टर जोगेश्वरीहून परतल्या होत्या आणि कुलूप बघून पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांना तिथेच सांगितलं. काका मध्ये बोलायला लागले, त्यांनी हात वर केला. ऐकून झाल्यावर एकच विचारलं, दूध प्यायला का? मग तीच बॅग उचलून त्या वर्सोव्याला गेल्या, पाणीसुद्धा न पिता. परत आल्या तेव्हा मी कोपऱ्यात माझी पिशवी भरून उभी होते. त्यांनी पिशवीकडे बघितलं. म्हणाल्या, "उद्या येशील तेव्हा आधी सगळ्या बाटल्यांवरचे कागद खरवडून काढ. मग धू."

उद्या येशील तेव्हा. मी घरी जाईपर्यंत तेवढेच शब्द मनात धरून चालले.

कोळणीने त्याच संध्याकाळी गॅरेजात जाऊन होत्या नव्हत्या तेवढ्या रिकाम्या बाटल्या फोडल्या, असं बाजारात ऐकलं. लेकाला चारचौघांत मारलंही म्हणे. आमच्या दवाखान्याबद्दल मात्र तिने बाजारात अवाक्षर काढलं नाही. ते का, हे मला कधी विचारता आलं नाही. रोज सकाळी दवाखाना उघडताना मला वाटे, आज कोळीवाडा येईल. वर्सोव्याची बस थांबली की माझा हात जिथल्या तिथे राही. काका शब्दकोश उघडत नव्हते आणि मीही म्हणत नव्हते. मोरीच्या भिंतीवरचे कागद मी नखांनी काढले.

महिन्याभराने ती आली. पोराला खोकला झाला होता. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली, सून पोराला घेऊन पुढे गेली. कोळणीच्या हातात बाटली नव्हती. पाटीतून तिने एक पितळेचा गडू काढला, झाकणीचा, चिंचेने घासलेला, आतून बाहेरून सोन्यासारखा. काका पोस्टात गेले होते. औषध करून ठेवलेलं होतं, नुसतं ओतायचं होतं. मी पुढे होऊन हात केला.

"कंपाउंडर हायत?"

येतील थोड्या वेळाने, मी म्हटलं. मिक्स्चर तयार आहे.

"येव दे त्यांना," ती म्हणाली. आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली, गडू मांडीत, दोन्ही हात झाकणीवर. तिची बस आली आणि गेली. मी टेबलाशी डोसाच्या पट्ट्या कापत उभी होते.